कोऱ्या डब्यांवरचं नाव

आधी एक स्पष्ट करते — पांढरी साडी नव्हती. पैंजण वाजले नाहीत, कुत्री रडली नाहीत, अमावस्याही नव्हती. जे झालं ते भर दुपारी, साडेबारा ते सव्वाच्या मध्ये, चंद्रपुरातल्या एका नीट झाडून-पुसून ठेवलेल्या स्वयंपाकघरात झालं. हे सांगावं लागतंय, कारण माझ्या मामेभावाने मागच्या महिन्यात इथेच, या ग्रुपवर, 'माझ्या बहिणीला आलेला अनुभव' म्हणून ही हकीकत लिहिली. त्यात त्याने एक बाई घातली, तिच्या हातात कंदील दिला, आणि खरी माणसं सगळी काढून टाकली. खाली लोकांनी भराभर लिहिलं, 'अंगावर काटा आला.' माझ्या अंगावर काटा नाही आला, मस्तकात तिडीक गेली. म्हणून आता मीच लिहिते.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. अम्मी नजर उतरवायला मिरच्या जाळायची तेव्हा मी खोकत अंगणात जाऊन उभी राहायचे आणि परत येऊन तिच्याशी भांडायचे. आमच्या घरात मला 'वकील' म्हणायचे ते उगाच नाही. तेव्हा पुढचं वाचताना 'बाई भोळी दिसते' असं कुणी म्हणू नये.

२००४ साल. मी सव्वीस वर्षांची होते. नागपुरात दोन वर्षं एका इंटिरिअरवाल्या मॅडमकडे काम करून चंद्रपूरला परत आले होते. मॅडम बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट सजवायच्या. ज्या घरात कुणीच राहत नाही तिथे कुणीतरी फार सुखात राहतंय, असं दाखवायचं काम. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, पलंगावर कडक इस्त्रीची चादर, बाथरूममध्ये कोरा टॉवेल. मला वाटलं, हेच जुन्या घरांना का करू नये? चंद्रपुरात रिटायर झालेली माणसं घरं विकून मुलांकडे, गावाकडे जात होती, आणि गिऱ्हाईक बघायला यायचं तेव्हा दोरीवर ओले कपडे, कोपऱ्यात गंजका कुलर, भिंतीवर कोळशाच्या धुळीचा थर. आणि नेमकी तेव्हाच लाइट गेलेली. वीज आमच्या गावात तयार होते आणि लोडशेडिंगही आमच्याच गावात, हा एक वेगळाच संताप आहे, तो पुन्हा कधी.

सामान माझ्या घरातच होतं. अब्बांचं बिछायत केंद्र — लग्नाचे सोफे, पडदे, गालिचे, कुंड्या. पावसाळा लागला की हे सगळं तुळशीच्या लग्नापर्यंत गोदामात पडून असायचं. मी म्हटलं, तेवढे दिवस मला द्या, मी घरं सजवून विकायला मदत करीन. अब्बा खूप हसले. म्हणाले, पोरगी दाखवायचा कार्यक्रम ऐकला होता, आता घर दाखवायचाही कार्यक्रम? पण त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. तुळशीचं लग्न लागेपर्यंत एक घर विकून दाखवायचं. नाही जमलं तर गुपचूप गोदामात बसायचं, गाद्या-उशा मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. मी लगेच हो म्हटलं. गोदामातल्या ओल्या कापसाच्या वासात आयुष्य काढायचं नव्हतं मला.

पहिलं काम मिळालं ते सिस्टरबाईंचं. कौसल्या रामटेके — पण सगळी आळी त्यांना सिस्टरबाईच म्हणायची. पस्तीसेक वर्षं नर्स म्हणून नोकरी, त्यातली निम्मी कुरखेड्याकडच्या खेड्यांमध्ये. लग्न केलं नव्हतं. तुकुमच्या पुढे, ताडोबा रोडच्या डाव्या हाताला, स्वतःच्या कमाईवर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे विहीर असं घर बांधलं होतं. दार पूर्वेला. आता ते विकून त्यांना कुरखेड्याला जायचं होतं. तिथे धाकटी बहीण भाड्याच्या एका खोलीत एकटी राहायची आणि तिची नजर हळूहळू जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती परत येणार नाही. बहीण चंद्रपूरला यायला तयार नव्हती. सिस्टरबाईंना तिथे दोघींसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि त्यांना घाई होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं,

"तिले दिसते तवरिकच बांधाचं हाय. डोळ्यानं एकदा घर पाहून ठेवलं ना, चूल कुठी, पायरी कुठी, मंग अंधारात बी माणूस फिरते."

हे मी नीट ऐकलं होतं. ऐकूनही पुढे जे केलं ते केलं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

गिऱ्हाईक आणणार होते दलाल गजाननभाऊ. त्यांनी घर फिरून पाहिलं, मान डोलावली आणि मला बाजूला घेतलं. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, फाटकावर नावाची पाटी होती. गजाननभाऊ हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे उतरवा. गिऱ्हाईक पयले आडनाव वाचते, मंग घर पायते."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज चांगलं कळतं. तेव्हा मी मान हलवली. वर स्वतःला समजावलं की नागपूरच्या मॅडमचा नियमच आहे, विकायच्या घरात मालकाची कुठलीच खूण ठेवायची नाही, मग तो कुणीही असो. वा रे नियम. नागपुरात खोली शोधताना माझं नाव ऐकून किती खोल्या 'कालच गेल्या' होत्या ते मी विसरले नव्हते. तरीही फोटो मी स्वतःच्या हाताने उतरवले, कापडात गुंडाळले. पाटीचे स्क्रू काढले. सिस्टरबाईंना सांगितलं की आजकाल 'प्लेन लुक' चालतो. वास नको म्हणून स्वयंपाकही मागच्या अंगणात चूल मांडून करायला लावला, त्यांच्याच घरात त्यांना. त्या सरपण गोळा करायला लागल्या.

राहिले डबे. स्वयंपाकघराच्या मांडणीवर त्यांचे जुने स्टीलचे डबे होते, पोचे पडलेले, आणि प्रत्येकावर ठळक नाव टाकलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव नसलं तर ते भांडं आपलं कसं? पण बायका घर बघताना स्वयंपाकघरात शिरतात आणि डबे हाताळतातच. मी नावाकडे एक नजर टाकली, आडनाव दिसलं, बस्स. सगळे डबे पोत्यात भरून माळ्यावर टाकले आणि गोल बाजारातून पाच नवे कोरे डबे आणले. दुकानदाराने सवयीने विचारलं, नाव टाकून देऊ? मी म्हटलं, नको, कोरेच पाहिजेत. तो जरा बघतच राहिला.

चौथ्या दिवशी गजाननभाऊंनी पहिलं जोडपं आणायचं ठरवलं. त्या सकाळी मी फुलं घेऊन गेले, स्वयंपाकघरात शिरले, आणि पाचही डब्यांवर नाव. कौसल्या रामटेके. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेले कोरे डबे, मी स्वतः पुसून लावलेले.

भीती? छे. माझा पारा चढला. पहिला संशय दुकानदारावर, त्याने चुकून दुसऱ्याच कुणाचे डबे दिले असतील. डबे पिशवीत भरून तशीच गोल बाजारात गेले आणि दुकानासमोर उभी राहून भांडले. पण रामटेक्यांचं नाव त्याला मी सांगितलेलंच नव्हतं, हे भांडता भांडताच माझ्या लक्षात आलं. त्याने डबा उजेडात धरला आणि म्हणाला की हे आमच्याकडचं नाही, आमच्याकडे मशीन आहे, मशीनची रेघ सलग येते. हे ठिपक्या-ठिपक्यांचं आहे, खिळा आणि हातोडी घेऊन केलेलं. असं काम आता कुणी करत नाही. मी म्हटलं, कुणीतरी केलंय ना! आणि पाय आपटत दुसऱ्या दुकानातून दुसरे पाच घेतले. त्या दिवशीचं गिऱ्हाईक पुढे ढकलावं लागलं आणि गजाननभाऊंनी मला बोलून घेतलं, ते वेगळंच.

दुसरे डबे तीन दिवस टिकले. चौथ्या सकाळी पुन्हा तेच नाव, तेच ठिपके.

आता संशय घ्यायला घरात एकच माणूस उरलं होतं. मी मागच्या अंगणात गेले. सिस्टरबाई चुलीसमोर बसून भात ढवळत होत्या. मी त्यांना सरळ विचारलं की तुम्हाला घर विकायचं आहे की नाही? माझी मेहनत मातीत घालायची होती तर बोलावलं कशाला? आवाज चढलेला होता माझा. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. सिस्टरबाईंनी माझ्या हातातला डबा घेतला, डोळ्यांजवळ धरून नाव पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाल्या, "मले मोतीबिंदू हाय, नसरीन. सुईत दोरा नाई ओवता येत मले."

आणि डबा परत दिला. खरं तर तिथेच मी गप्प बसायला हवं होतं, पण राग आला की मला पुढचं दिसत नाही. मला वाटलं, या नाहीत तर यांनी कुणाला तरी बोलावलं असेल. मी तिसरे पाच डबे आणले.

या वेळी मी पक्का बंदोबस्त केला. डबे गोल बाजारातून थेट आमच्या गोदामात, कुलपात. इथल्या, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता, सिस्टरबाई सकाळीच तिकडे गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय परतणार नव्हत्या. चावी मला देऊन गेल्या. दुसरी चावी गजाननभाऊंकडे, आणि ते त्या दिवशी नागभीडला, हे मला पक्कं माहीत होतं. मी डबे घेऊन घरात शिरले, पुढचं दार आतून लावलं, मागच्या दाराची कडी आतून होतीच ती ओढून पाहिली. खिडक्यांना गज आहेत. पाचही डबे एक एक करून फडक्याने पुसले, फिरवून फिरवून पाहिले. कोरे. माझं तोंड दिसत होतं त्यात. मांडणीवर लावले आणि समोरच्या खोलीत पडदे अडकवायला गेले. मधे एक भिंत, आणि उघडं दार.

पडद्यांना पाऊण तास लागला असेल. रोजे लागले होते, तोंड कोरडं पडलं होतं, हे मी लपवत नाही. कारण पुढे गजाननभाऊंपासून ते माझ्या मामेभावापर्यंत सगळ्यांनी मला हेच ऐकवलं, की उपाशी पोटी चक्कर आली असेल, भास झाला असेल. मी सातव्या वर्षापासून रोजे धरते. उपाशी पोटी मला भूक लागते, भास होत नाहीत.

त्या पाऊण तासात कुठलाही आवाज आला नाही. हे मुद्दाम सांगते. स्टीलच्या रिकाम्या डब्यावर हातोडी मारून बघा एकदा, आळी गोळा होते. मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

स्टूल आणायला स्वयंपाकघरात गेले. पाचही डब्यांवर नाव.

मी ओरडले. कोण आहे ते समोर या, असं काहीतरी. शिव्याही दिल्या, रोज्यात देऊ नयेत तरी दिल्या. मागची कडी आतून तशीच, पुढचं दार तसंच. माळ्यावर चढून पाहिलं, पोतं बांधलेलं. मग ओट्याला टेकून खाली बसले आणि एक डबा मांडीवर घेतला. बोट फिरवलं तर नवीन खरखर लागली. झाकण काढून आत हात घातला, आतून प्रत्येक ठिपक्याचा बारीक उंचवटा. भास असा आतून-बाहेरून होत नाही.

आणि मग मी ते नाव पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर मी फक्त आडनाव पाहत होते आणि चिडत होते. 'रामटेके' हे चांगलं ऐसपैस होतं, दोन अक्षरांमध्ये बोट मावेल इतकी जागा. 'कौसल्या' मात्र पार दाटीवाटीने, आणि पहिला 'कौ' तर डब्याच्या सांध्यावर चढलेला. कुठलाही माणूस नाव लिहितो तेव्हा सुरुवातीला ऐसपैस लिहितो आणि शेवटी जागा पुरत नाही. इथे उलटं होतं.

असं उलटं नाव मी लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या घरच्या भात शिजवायच्या गंजावर, तांब्यावर, परातीवर.

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, चिमूरच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकायचे. खिळा, हातोडी आणि एक गोणपाट एवढंच दुकान. शिक्षण चौथीपर्यंत, उर्दूत. मराठी अक्षरं पाहून पाहून शिकले, पण हाताला उजवीकडून डावीकडे जायची सवय. त्यामुळे मराठी नावही ते शेवटच्या अक्षरापासून सुरू करत. आडनाव थाटात बसायचं आणि नावाशी येईपर्यंत जागा संपलेली असायची. लोक चिडवायचे, चाचा, आमचं नाव काऊन दाबून टाकलं? नाना म्हणायचे, खानदान पहले. दुसऱ्या कुणाचं काम असं निघत नसे. आणि नाना १९९१ सालीच वारले होते. त्यांच्या मयताला मी स्वतः चिमूरला गेले होते.

डबा ओढणीत गुंडाळून घरी आणला. अम्मीला काहीही न सांगता तिच्या हातात दिला. तिने त्यावर अंगठा फिरवला, उजवीकडून डावीकडे, आणि म्हणाली, "ये तो बाबा का हाथ है." मग विचारलं, हा कुठे मिळाला, इतका नवा कसा? मी सगळं सांगितलं. कोरे डबे कशासाठी आणले होते तेही सांगावं लागलं. अम्मी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा पदराने पुसला, कपाटात कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवला आणि इफ्तारीची भजी तळायला निघून गेली.

माझ्या मामेभावाने नेमकं हेच गाळलं. स्वतःच्या आजोबांना गाळून त्याने कंदीलवाली बाई आणली! आणि तोंडी विचारलं तर म्हणतो, नानांची रूह भटकत असेल. का भटकेल? भला माणूस, जन्मभर उन्हात बसून ठोकत राहिला. मेल्यावरही त्याने डबेच ठोकायचे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाईंकडे गेले. आधी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. मग 'प्लेन लुक' हे खोटं होतं, आडनाव दिसू नये म्हणून हे सगळं केलं, हेही सांगितलं. सांगताना खाली बघत होते. त्या म्हणाल्या, पोतं काढ माळ्यावरून.

जुने डबे बाहेर काढले. त्यांच्यावरही तेच — आडनाव ऐसपैस, नाव दाबलेलं. मी पोत्यात भरताना पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

सिस्टरबाईंनी सांगितलं ते असं. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी त्यांची नेमणूक चिमूरकडे होती. पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईतून नवे डबे घेतले आणि तिथल्याच एका दुकानात नाव टाकायला दिले. दुकानातल्या माणसाने आडनाव ऐकलं आणि म्हणाला, नुसतं 'के. आर.' टाकून देतो, तेवढंच बरं दिसेल, उगाच पूर्ण कशाला. त्या डबे उचलून बाहेर पडल्या. पुढे गोणपाटावर एक म्हातारा बसला होता. त्याने विचारलं, पूरा नाम बोलो.

"पूरा सांगतलं," सिस्टरबाई म्हणाल्या. "घंटाभर ठोकत होता. मंग डबा माह्या हातात देल्ला अन् म्हणे, बाई, घासून घासून डबा फाटेल, नाव नाई जाणार."

मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कशाला पाटी काढतेय? त्या म्हणाल्या, "माहीत नसन काय मले? पण बहिणीचे डोळे चालले होते. म्हणून गप्प राह्यली."

मला रडायला आलं, आणि रडताना राग येत होता तो स्वतःचा. मी म्हटलं, आता ठरवा तुम्हीच. म्हणाल तर पुन्हा कोरे डबे आणते, काहीतरी करून झाकते, घर विकलं गेलं पाहिजे. त्यांनी पदर खोचला. डबे धुवायला घेतले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पाटी लाव."

पाटी लावली. फोटो होते तिथे टांगले, खाली अब्बांचा सगळ्यात चांगला सोफा ठेवला. चूल मोडून स्वयंपाक ओट्यावर आणला. मांडणीवर जुने आणि, अम्मीकडचा एक सोडून, नवे सगळे डबे लावले, नावं समोर करून. त्यानंतर डब्यांना काही झालं नाही. गजाननभाऊ आले, पाटी पाहिली आणि म्हणाले की मॅडम, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. तरी भला माणूस, गिऱ्हाईक आणायचं बंद केलं नाही त्यांनी.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी एक जोडपं आलं. फाटकाशी थांबले, पाटी वाचली, आणि नवऱ्याने तिथूनच सांगितलं की आम्हाला पूर्वेचं दार पाहिजे होतं. दार पूर्वेलाच होतं. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन उंबऱ्यावर पडलेलं दिसत होतं त्यांना. दुसरे एक सोफ्यापर्यंत आले, पडद्यांचं कौतुक केलं, मग भिंतीकडे नजर गेली. सिस्टरबाईंनी पाणी आणलं तर बाई म्हणाल्या, नको, आज उपवास आहे. दहा मिनिटांनी मी बाहेर पडले तेव्हा दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर आलुबोंडे खात होते. अशी किती सांगू. घर सगळ्यांना आवडायचं, आणि सगळे 'कळवतो' म्हणायचे.

तुळशीचं लग्न लागलं. अब्बांनी टेम्पो पाठवला, सोफे गेले, पडदे गेले, आणि मी गोदामात जाऊन बसले. दोन वर्षं बसले. नंतर पुन्हा हे काम सुरू केलं, आजही करते. आता भिंती रंगवते, उजेड करते, कोळशाची धूळ झटकते. कुणाची पाटी काढत नाही आणि भांड्यांना हात लावत नाही. जे दलाल त्यावरून काम देत नाहीत ते देत नाहीत.

सिस्टरबाईंचं घर चौदा महिन्यांनी विकलं गेलं. रेल्वेतला एक माणूस आला, विहिरीचं पाणी चाखलं, उन्हाळ्यात आटते का विचारलं आणि सौदा केला. कुरखेड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा बहिणीची नजर पूर्ण गेली होती. मी एकदा भेटायला गेले. बहीण भिंतीला हात लावत लावत चुलीकडे चालली होती, आणि कपाळावर चौकटीला आपटल्याची खूण होती. मी सिस्टरबाईंना म्हटलं, तेव्हा नाव झाकलं असतं तर दिवाळीतच विकलं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "लाव म्हणून मीच म्हणली होती ना? तू काऊन रडून राह्यली मंग?" आणि मला जेवायला वाढलं.

आता खाली तुम्ही विचारणारच, की डब्यावर नाव आलं कसं? मला माहीत नाही. दारं बंद होती, आवाज आला नाही, डबे कोरे होते, आणि ज्यांचा तो हात होता ते त्याच्या तेरा वर्षं आधीच वारले होते. मी खूप डोकं चालवलं, ओळखीच्या इंजिनिअरला डबा दाखवला, त्यालाही सांगता आलं नाही. इतकी वर्षं झाली, मला याचं उत्तर मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. ज्याला ही हकीकत सांगावी तो हाच एक प्रश्न विचारतो. चौदा महिने त्या फाटकातून एवढी माणसं परत का गेली, हे मात्र मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.